लॅपटॉपच्या पोटातला कॉम्प्युटर

मावशी स्वेटरवरच्या नक्ष्या काढायची. कॉम्प्युटरवर एकेक चौकोन रंगवत ती पानं, पक्षी, लाटा उठवायची आणि विणकाम कारखाना त्यावरून माल काढायचा. तिचा प्रोग्रॅम बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. तो जुन्या कॉम्प्युटरवरच चालायचा, आणि तो कॉम्प्युटर आता सुरू करताच दम्याच्या पेशंटसारखा घरघरायला लागला होता. तिच्या मुलाने नवा लॅपटॉप पाठवला, पण मावशीने त्याच्यावर नुसतं फडकं फिरवलं.

शेवटी सुट्टी बघून भाची आली. ती एका ऑफिसात सर्व्हर सांभाळायची.

"तुझ्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढते," ती म्हणाली. "मग या लॅपटॉपच्या पोटात एक खोटा कॉम्प्युटर उभा करून ती प्रत त्याला देते. तुझा प्रोग्रॅम त्यात सुखाने नांदेल."

"नांदू दे बाई. फक्त माझे पक्षी उडवू नकोस."

प्रत निघाली. भाचीने ऐटीत बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली: सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही.

मावशीचा चेहरा उतरला. "गेलं सगळं?"

"काही गेलं नाही. तुझी मूळ डिस्क तशीच आहे, हे फक्त प्रतीचं रुसणं आहे."

बोलायला बोलली, पण भाचीलाही घाम फुटला होता. ऑफिसात सगळे तिला 'वैद्य' म्हणायचे, आणि इथे घरच्याच माणसासमोर फजिती. तिने घाईघाईत मेमरी वाढवली, प्रतीची फाइल पुन्हा जोडली. ढिम्म! मग मात्र तिने हात आवरला, खुर्ची मागे सरकवली आणि खोट्या कॉम्प्युटरच्या सेटिंग्ज पहिल्यापासून नीट वाचल्या.

तिथेच घोळ सापडला. खोटा कॉम्प्युटर आजच्या पद्धतीने सुरू होत होता, आणि मावशीची डिस्क जुन्या पद्धतीची. तो नव्या खुणा शोधत होता, त्या तिच्यात असणार कुठून? भाचीने पद्धत बदलली. या वेळी सुरू होतानाचं जुनं ओळखीचं चित्र झळकलं. मावशीने टाळी वाजवली, आणि तेवढ्यात पडदा निळा पडून सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

"टाळीने दचकला की काय गं?"

भाची खो खो हसली. पण आता तिला वाट दिसत होती. सुरुवात होते, मग डिस्कशी बोलणं तुटतं; म्हणजे डिस्क जोडलीय तीही नव्या तऱ्हेने, आणि जुन्या सिस्टीमला ती भाषाच येत नाही. तिने डिस्क जुन्या तऱ्हेने जोडली आणि बटण दाबलं.

चित्र आलं, टिकलं. मागोमाग मावशीचा नेहमीचा पडदा आला, कोपऱ्यात तिचा प्रोग्रॅम. मावशीने स्वतः तो उघडला. अर्धवट राहिलेली बदकांची रांग तिथेच उभी होती.

"अगंबाई, हे तर पटकन उघडलं! मला दरवेळी ताटकळत बसावं लागायचं."

"आता नाही. आणि या खोट्या कॉम्प्युटरचीही एक प्रत काढून ठेवते. बिघडलाच तर दुसरा उभा करू."

मावशीने चष्मा सावरला आणि एका बदकाची चोच रंगवायला घेतली. भाची तिच्या शेजारी जरा वेळ बघत बसली. मग "चहा टाकू का?" म्हणून विचारलं, तर मावशी पुढच्या बदकाकडे वळलेली. ती हसत उठली आणि दोघींसाठी आधण ठेवलं.