चौदातला एक

भरतकामाच्या त्या छोट्या कारखान्यात दोघी जावा काम करत. मशीन थोरलीचं आणि कॉम्प्युटर धाकटीचा, अशी वाटणी सहा वर्षांपूर्वी आपोआप झाली होती आणि त्यावरून दोघींचं कधी वाजलं नव्हतं.

सोमवारी सकाळी धाकटीने डिझाइनचा फोल्डर उघडला. चित्रं दिसायला लागली न लागली, तोच विंडो बंद. पुन्हा उघडला, पुन्हा बंद. बाकीचे फोल्डर शहाण्यासारखे उघडत होते. नेमका हाच रुसला होता, आणि एका शाळेचे चारशे बिल्ले शुक्रवारी द्यायचे होते.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारावा लागेल. दोन दिवस कॉम्प्युटर माझ्याकडे ठेवा."

"म्हणजे डोकं दुखतंय म्हणून डोकंच बदलायचं," थोरली म्हणाली. "थांब जरा. आधी आपण बघू."

धाकटीने मोबाइलवर शोधाशोध केली. बऱ्याच जणांनी एकच लिहिलं होतं: बिघाड बहुधा फोल्डरच्या विंडोत नसतो, तिच्यात घुसलेल्या अॅड-ऑनमध्ये असतो. आपण एखादं सॉफ्टवेअर घेतो आणि ते गुपचूप आपलं एक पिल्लू त्या विंडोत सोडून देतं. ही पिल्लं दाखवणारं एक फुकटचं साधन होतं. तिने ते चालवलं तर बाहेरच्या कंपन्यांची चौदा नावं निघाली. प्रिंटरचं एक, फायली दाबून लहान करणारी दोन, काही तर कधी आली तेही आठवेना.

"पाहुणे म्हणून आले आणि बिऱ्हाड थाटून बसले," ती म्हणाली. "आता एकेक बंद करून बघायचं म्हणजे दुपार होणार."

थोरली मशीनमध्ये तेल घालत होती. तिने मान वर केली नाही. "बारा सुयांपैकी कुठली धागा तोडतेय ते कळत नाही, तेव्हा मी काय करते?"

"सहा बंद ठेवता, सहा चालवता."

"मग तेच कर की."

धाकटीने सात बंद केले, फोल्डरची विंडो नव्याने सुरू केली. फोल्डर उघडला आणि उघडाच राहिला. म्हणजे चोर बंद केलेल्या सातांतच होता. त्यातले चार परत चालू केले, तरी फोल्डर ठीक. उरले तीन. पहिला चालू केला, काही झालं नाही. दुसरा चालू केला आणि विंडो गडप.

"सापडला," ती म्हणाली. "डिझाइनच्या फायलींची छोटी चित्रं दाखवतो म्हणे. मी तर हा कधी घेतला नाही."

तेलाची बुधली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मी घेतला," थोरली म्हणाली. "तू बाळंतपणाला गेली होतीस तेव्हा."

"वहिनी, मला विचारायचं तरी."

"तान्हं मूल घेऊन बसलेल्या बाईला काय विचारायचं? इतके महिने सुरळीत चालला होता तो. आणि तुझ्या फायलींची नावं तरी बघ. 'बि-तीन-नवा-अंतिम', 'बि-तीन-नवा-अंतिम-दोन', 'बि-तीन-खरंच-अंतिम'. गिऱ्हाईक दारात उभं, आणि मी देवाचं नाव घेऊन एकेक फाइल मशीनला लावतेय. चित्र दिसलं म्हणून तर निभावलं."

धाकटीला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. सहा वर्षांत तिने ती नावं फक्त स्वतःसाठीच ठेवली होती. थोरलीला त्यांवरून काही कळेल का, हा विचार तिला कधी शिवला नव्हता.

त्या अॅड-ऑनची नवी आवृत्ती तिने शोधली. बनवणाऱ्याने तो केव्हाच सोडून दिला होता, आणि कॉम्प्युटर मात्र गेल्याच आठवड्यात अपडेट झाला होता. जुन्याचं नव्याशी पटलं नव्हतं, एवढंच. तिने तो कायमचा काढून टाकला, बाकीचे सगळे चालू केले आणि शाळेच्या बिल्ल्याची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन थोरलीच्या हातात दिली. मशीन सुरू झालं.

बिल्ले शिवले जात होते तोवर धाकटीने एकेक डिझाइन उघडून स्क्रीन थोरलीकडे वळवली.

"याला काय नाव देऊ?"

"लाल घुबड, डोळे मोठे."

"आणि हे?"

"दवाखान्याचा खिसा. त्याच्या खालचं शेजारणीची उशी."

"तिच्या दोन आहेत."

"मग एक आवडलेली आणि एक परत आणलेली," थोरली म्हणाली आणि संपत आलेलं निळ्या धाग्याचं रीळ बदलायला उठली.

धाकटीने तसंच टाइप केलं.