ट्रंकेवरची हवालदारी

मित्रांनो, मी एका फौजी माणसाची जुनी काळी ट्रंक आहे. माझी कडी ढिली झाली, कोपरे चेपले, पण स्वभावातला उतावळेपणा काही गेला नाही. फलाटावर असो की बराकीत, मला सारखं वाटायचं, चला, आता पुढे काय? एका जागी पडून राहणं माझ्या पत्र्याला कधी मानवलंच नाही.

१९६० साली धुळ्यात एका कारागिराने मला ठोकून ठोकून आकार दिला. पिंपळनेरचा हिलाल नुकताच फौजेत भरती झाला होता, त्याने मला घेतलं. शेजारच्या चांद पेंटरने झाकणावर पांढऱ्या रंगाने त्याचा नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलं: शिपाई हिलाल. फौजी रजेवर आला की त्याची ट्रंक दाराशीच ठेवायची आमच्याकडे रीत. येणारा-जाणारा आधी हुद्दा वाचायचा, मग पाणी मागायचा.

बासष्टच्या लढाईनंतर फौज वाढली. नव्या पलटणी उभ्या राहिल्या, जागा जास्त आणि माणसं कमी. हिलाल बघता बघता लान्सनायक झाला, मग नायक. दर वेळी चांदभाई जुना हुद्दा खरवडून नवा लिहायचा आणि मी मिरवून घ्यायची. पण त्याच लाटेत चढलेले सगळे तरुण गडी होते. ते थोडेच लवकर घरी जाणार? पलटणीत हवालदारांच्या जागा मोजक्या असतात आणि वरचा हलल्याशिवाय खालचा हलत नाही. पासष्टनंतर माझ्या झाकणावर ब्रश फिरला नाही. नायकाला ठरावीक वर्षं झाली की घरी पाठवतात. बहात्तर संपेपर्यंत हवालदारी मिळाली नाही, तर हिलालला गाशा गुंडाळावा लागणार होता. तो बराकीत माझ्यावर बसून बोटांवर महिने मोजायचा आणि मी त्याच्याखाली चुळबुळायची.

सत्तर साली तो रजेवरून परस्पर हवालदारीच्या कोर्सला गेला. सोबत फक्त किटबॅग घेतली, मला घरीच ठेवलं. महिन्या-दोन महिन्यांनी कार्ड आलं, "कोर्स पास झालो." त्याची बायको शेवंताबाई हरखून गेली. शाळेत पोर पास झालं की वरच्या वर्गात बसतं, एवढं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. गूळ वाटला गेला, आणि मला एस.टी.च्या टपावर चढवून तिने थेट धुळं गाठलं.

"चांदभाऊ, हवालदार लिखी द्या," ती म्हणाली.

"कागद आला का, ताई?" चांदभाईने ब्रश हातात धरून विचारलं.

"उनाच समजा!" आलाच म्हणून ती मोकळी झाली.

खोटं कशाला बोलू, नवा हुद्दा मला फार शोभत होता. पण हिलाल मला न्यायला आला आणि दारातच थबकला.

"हाई कोनी लिखं?"

"तुम्ही पास व्हयनात ना?" शेवंताबाईचा चेहरा उतरला. "बठ्ठं गाव हवालदार हवालदार करी राहिनं."

"पास व्हयनू, पन जागा खाली नही शे!" तो ओरडला.

गाडीची वेळ झाली होती, पुसायला सवड नव्हती. शेवंताबाईने डोळे पुसत गोणपाटाची खोळ शिवली आणि मला त्यात कोंबलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्यावरच्या हुद्द्याची लाज वाटली.

पलटणीत ही खोळ किती दिवस टिकणार? एक दिवस ती सरकली आणि मी नेमकी हवालदार पुनाच्या नजरेस पडले. पुना साक्रीचा, म्हणजे गाववालाच. त्याचीच जागा सगळ्यांत आधी सुटणार होती, आणि हिलालचा नंबर त्याच जागेवर होता. हिलाल धावत येऊन खोळ ओढू लागला.

पुना पोट धरून हसला. "काय रे, मी उठानं पहिलेच बशी गया का?"

एकाहत्तरच्या सप्टेंबरात पुना पेन्शनीवर जाणार होता. त्याने बायकोला, भिकुबाईला, तसं कळवलंही होतं. पण लढाईची चिन्हं दिसू लागली आणि घरी जाणाऱ्यांना थांबवून घेतलं गेलं. पुना थांबला, म्हणून हिलालही थांबला. तेव्हा मी मनातल्या मनात चडफडले. हा माणूस एकदाचा जात का नाही, असंही मला वाटलं. ते आठवलं की अजून माझा पत्रा आकसतो.

डिसेंबरात लढाई झाली. आम्हा ट्रंका मागे गोदामात रचून ठेवल्या होत्या. पुना आपल्या तुकडीच्या पुढे होता. तो परत आला नाही. जागा वेळेवर सुटली असती, तर तिथे पुढे हिलाल असता. जानेवारीत हिलालच्या हवालदारीचा कागद आला. त्याने तो घडी करून माझ्या तळाशी ठेवला. खोळ काही काढली नाही.

पुनाची ट्रंक घरी पोचवायचं काम त्याने मागून घेतलं. आम्ही दोघी एकाच टपावरून साक्रीला उतरलो. भिकुबाईने नवऱ्याच्या ट्रंकेवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो उचललाच नाही. मग तिने विचारलं, "हिलालभाऊ, त्यासनी जागा कोनले भेटनी?"

हिलाल खाली मान घालून म्हणाला, "मले, वैनी."

मला वाटलं, आता ही बाई आम्हाला दाराबाहेर काढणार. ती उठली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला.

"बरं व्हयनं. दुसरा कोनी राहता, तं सांगाले तरी उना असता का?"

तेव्हा हिलाल पोरासारखा रडला. त्यानंतर तो दर रजेत आधी साक्रीला उतरायचा, मग घरी यायचा.

आता मी घरात ज्वारी सांभाळते. मित्रांनो, माझा पत्रा घासा, तेल लावा, नका लावू, तुमची मर्जी. पण कुणाला बढती मिळाली की पेढा तोंडात टाकण्याआधी एवढं विचारा, की या जागेवर आधी कोण होतं. आणि तो माणूस आता नसेल, तर त्याच्या घरी जाऊन या.