पाठीखालची थंडी

डोंगरवाटांचं सामान विकणाऱ्या त्या दुकानात मॅटवर झोपून बघायला परवानगी होती, पण परवानगी आहे म्हणून कुणी लगेच झोपत नाही. बहुतेक गिऱ्हाईकं अंगठ्यानं मॅट दाबून बघत, वजनाचा आकडा वाचत आणि विचार करून सांगतो म्हणून निघून जात. धाकटीनं मात्र बूट काढले आणि सरळ आडवी झाली. आधी पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. पुढच्या मॅटवर पुन्हा तेच. बूट घ्यायला आलेली एक चिमुरडी आईला मोठ्यानं विचारत होती की ह्या मावशींना घर नाही का, आणि आई तिचा दंड धरून तिला मोज्यांच्या मांडणीकडे ओढत होती.

दुकानदार बोलका होता. फोमची मॅट फुटत नाही, फाटत नाही, पण सॅकच्या बाहेर ढोलासारखी लटकते. हवेची मॅट मुठीत मावते, जाड असते, पण एक काटा लागला की खेळ खलास. तिसरी हवेचीच, आत चकाकत्या पापुद्र्याचे थर असलेली. ती सगळ्यात उबदार, पण कूस बदलली की कुणीतरी शेजारी कागद चुरगाळतंय असं वाटतं. अंगातली ऊब जमिनीत जाण्यापासून मॅट किती अडवते त्याचा आकडा प्रत्येकीवर छापलेला होता, आणि तो काय असतो हे तो तिला मन लावून समजावत होता. धाकटीनं ऐकून घेतलं. शीतगृहांच्या भिंतींतून उष्णता किती झिरपते हे मोजायच्या प्रयोगशाळेत ती नोकरी करत होती आणि दिवसभर तोच आकडा काढत होती. पण माणूस रंगात आला होता. त्याचा विरस कशाला करा.

"तंबू किती जणांचा आहे?" त्यानं विचारलं.

"दोघांचा."

"मग दोन मॅट दाखवतो, जोडता येतात अशा."

"नको. एकच."

"एकटीला दोघांचा तंबू म्हणजे चैन आहे बुवा," तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. धाकटी बुटांच्या नाड्या बांधत राहिली.

तंबूतली दुसरी जागा ताईची होती. ताई सहा वर्षांनी मोठी. धाकटीला डोंगराची गोडी लावली तिनंच, आणि पुढे इतकी वर्षं दोघींची वाटणी ठरलेली होती: तंबू आणि त्याच्या काठ्या ताईच्या सॅकमध्ये, स्टोव्ह आणि भांडी धाकटीच्या. मग ताईचं लग्न झालं, भाऊजींच्या नोकरीपायी ती दूरच्या शहरात गेली, आणि गेल्या वर्षी तिला जुळी झाली. भांडण नाही, अबोला नाही. ताई डोंगरातून उठून संसारात गेली, आणि तिचं बरं चाललं होतं.

धाकटी गेल्या हिवाळ्याआधी पहिल्यांदा एकटी गेली. दोन्ही रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. जमिनीतून थंडी वर येत होती, कमरेत घुसत होती, आणि ती उजाडायची वाट बघत पडून राहिली. तिसऱ्या दिवशी पाय लटपटायला लागले तशी निमूट खाली उतरली. ताईला फोनवर तिनं सांगितलं की मॅट दाबून दाबून सपाट झालीय, तिच्यात काही राम उरला नाही. ताई म्हणाली, टाकून दे ते चिरगूट आणि चांगली नवी घे. मग पलीकडे एका बाळानं सूर लावला, त्याला दुसऱ्यानं साथ दिली आणि फोन तिथंच संपला.

आता धाकटीनं रजा मंजूर करून घेतली होती. दोघींनी लहानपणापासून लांबूनच बघितलेली डोंगराची मोठी धार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आठवड्याभराची वाट. तिनं मनाशी पक्कं केलं होतं की या खेपेला झोप लागली नाही तर तंबू देऊन टाकायचा आणि हा नाद सोडायचा. असं ठरवणं सोपं होतं, पण मग उरणार काय होतं? प्रयोगशाळा, भाड्याची खोली, आणि त्या दोहोंमधला बसचा रस्ता. म्हणून मॅट नीट निवडायला हवी होती. शिवाय तंबूही आता तिच्याच पाठीवर येणार होता, त्यामुळे एकेक ग्रॅम वाचवायचा होता.

दुकानदारानं हवेच्या दोन्ही मॅट घरी नेऊन बघायला दिल्या. खराब केल्यात तर तुमच्या, म्हणाला.

पण त्याआधी धाकटीला जुन्या मॅटचा निकाल लावायचा होता. कुठली वस्तू का बिघडली हे कळल्याशिवाय नवी घ्यायची हे तिच्या रक्तात नव्हतं. तिनं मॅटच्या पायथ्याकडून तळहाताएवढा तुकडा कापला आणि प्रयोगशाळेत एका गरम आणि एका गार पत्र्याच्या मध्ये ठेवला. आकडा आला तो नव्या मॅटवर छापलेला असतो तेवढाच. तिला यंत्राचा संशय आला. यंत्र तपासायचा ठोकळा लावून बघितला. यंत्र ठणठणीत होतं. मग तिच्या लक्षात आलं की पायथ्याशी वजन पडतच नाही. तिनं कमरेखालचा तुकडा कापला. आकडा किंचित खाली आला, पण इतका किंचित की त्याच्यावर कुणी दोन रात्री जागणार नाही. मॅटला दोन भोकं पडली आणि उत्तर होतं तिथंच राहिलं.

"आता तिची निर्दोष सुटका कर," गुरुजी म्हणाले. गुरुजी प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने तंत्रज्ञ. साधा स्क्रू कसा पिळायचा हे सांगतानाही प्रस्तावना करत, म्हणून हे नाव पडलेलं. "बिचारीला आणखी किती फाडशील?"

धाकटीचं म्हणणं होतं की माणूस म्हणजे काही सपाट पत्रा नाही. खांदा, कंबर, टाच यांवर भार येतो, तिथं खरी परीक्षा. तेव्हा माणूसच झोपवून बघायला हवा, आणि तोही थंडीत. प्रयोगशाळेत शीतकोठी होती. शनिवारी दुपारनंतर ती रिकामी असायची.

शीतकोठीचा एक नियम होता आणि तो कुणीही मोडत नसे. आत माणूस असेल तर बाहेर खुर्ची टाकून दुसऱ्यानं बसायचं. बाहेरच्यानं मधूनमधून दार ठोकायचं, आतल्यानं आतून ठोकून उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर काही विचार न करता दार उघडायचं. गुरुजी शनिवारी थांबायला तयार झाले. लवकर घरी जाऊन तुम्ही तरी काय उजेड पाडता, असं बायकोच म्हणते, असं त्यांनी वर सांगितलं.

धाकटीनं जुन्या मॅटचे तुकडे चिकटपट्टीनं परत जागच्या जागी बसवले. आधी तीच मॅट, तुलनेसाठी; मग नव्या दोन. खांद्याला, कमरेला आणि टाचेला तापमान मोजायच्या तारा चिकटवून ती स्लीपिंग बॅगेत शिरली. कोठीत दिवा चालू होता, पंखा घोंघावत होता. दाराला वाटोळी काच होती आणि तिच्यातून गुरुजींचं टक्कल दिसत होतं. ते मांडीवरच्या वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. मधेच टक्कल वर यायचं, दारावर टकटक व्हायची, ती उलट टकटक करायची, की टक्कल पुन्हा खाली. कमरेत थंडी शिरायला लागली होती. अगदी डोंगरावर शिरली होती तशीच. तिनं मनाशी नोंद केली.

पुढचं तिला आठवलं ते एवढंच की कुणीतरी खांदा गदागदा हलवतंय.

"अगं ए, डोळे उघड. ऐकू येतंय का तुला?"

गुरुजींच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. एका हातानं तिला हलवत होते, दुसऱ्या हातात अजून वर्तमानपत्र होतं.

"झोपले होते," धाकटी म्हणाली.

"झोपली होतीस?" ते खाली टेकले. "दार बडवून बडवून माझा हात सुजला. मी इथे तुझ्या घरी काय सांगायचं याची वाक्यं जुळवतोय आणि तू झोपली होतीस."

तिचे दात वाजत होते. कमरेची एक बाजू बधिर होती. बाहेर येऊन तिनं तारांचे आकडे बघितले. कमरेखालचं तापमान घसरत गेलं होतं आणि घसरलेलंच राहिलं होतं. थंडी खरी होती. आणि त्या थंडीत ती दगडासारखी झोपली होती. कित्येक महिन्यांत अशी झोप लागली नव्हती.

गुरुजींनी तिच्यापुढे कडक गरम चहा ठेवला आणि उरलेल्या दोन मॅटचं काय असं विचारलं. ती पेल्याभोवती हात धरून बसली होती. सगळं तेच होतं. मॅट तीच, बॅग तीच, थंडी तीच. प्रयोगात एकच गोष्ट बदलली होती.

"गुरुजी, तुम्ही दाराशी होतात म्हणून मला झोप लागली."

गुरुजी कावरेबावरे झाले. "मी कुठे काय केलं. मी शब्दकोडं सोडवत होतो." मग म्हणाले, "हे बघ, मी डोंगरावर काही येऊ शकणार नाही. माझे गुडघे जिन्यालाच राजीनामा देतात."

धाकटीला हसू आलं. तसं नाही हो, ती म्हणाली. उरलेल्या दोन्ही मॅट तिनं तशाच पिशवीत भरल्या.

घरी जाताना तिच्या ध्यानात आलं की बाकी सगळे झोपल्यावर आपण शेवटी झोपलो असं आयुष्यात कधी झालंच नव्हतं. तंबूत ताई जागी असायची, टॉर्चच्या उजेडात काहीतरी वाचत, नाहीतर उगाच चुळबुळत. आई-बाबांच्या घरी बाबा दाराच्या कड्या बघत फिरायचे. इथल्या खोलीच्या वरच्या मजल्यावर कुणी पाळीवरून उशिरा येणारा राहत होता. त्याची पावलं छतावरून फिरायला लागली की तिचे डोळे मिटत. त्याचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं.

रविवारी ताईचा फोन आला. ती बाळांना भरवत होती, त्यामुळे निम्मं बोलणं त्यांच्याशीच चाललं होतं.

"ताई, तू तंबूत रात्री जागी असायचीस ना?"

"असायची म्हणजे? तू घोरायचीस. झोपेन कशी?"

"मग उठवलं का नाहीस कधी?"

"कशाला उठवायचं." चमच्याचा आवाज आला. "बरं वाटायचं गं. मापटं शेजारी घोरतंय म्हणजे सगळं ठीक आहे, असं." मापटं म्हणजे धाकटी, दिसेल ते मोजायच्या खोडीपायी ताईनं ठेवलेलं नाव. "आता ही दोघं घोरतात. अगदी तुझ्यावर गेलीत."

धाकटीच्या तोंडाशी आलं होतं की ये ना, चार दिवस ये, भाऊजी बघतील मुलांना. तेवढ्यात ताई म्हणाली की जमिनीवर झोपायची आता कल्पनाच करवत नाही, पाठ मोडून जाईल. तू जा, मजा कर आणि फोटो पाठव. मग विचारलं, मॅट घेतलीस का?

"घेते उद्या," धाकटी म्हणाली.

तिनं हवेच्या दोन्ही मॅट दुकानात परत केल्या आणि कोपऱ्यातली फोमची घेतली. दुकानातली सगळ्यात पातळ, सगळ्यात हलकी, खांद्यापासून कमरेपर्यंतच पुरणारी. दुकानदारानं ती हातात घेऊन उलटसुलट केली.

"आधीच सांगतो, हिच्यावर रात्री झोप लागणार नाही."

"रात्री कुठल्याच मॅटवर लागणार नाही," धाकटी म्हणाली. "मग निदान पाठीवर ओझं तरी कशाला?"

 त्यानं मॅट गुंडाळून दिली.

धारेवरच्या पहिल्या रात्री ती जागीच होती, पण या खेपेला तिनं झोपेशी झटापट केली नाही. तंबूच्या कापडावर वारा थापा मारत होता. शेजारची मोकळी जागा तिनं सॅकनं भरून टाकली होती, तरी ती मोकळीच दिसत होती. पुढची वाट कळण्याएवढं फटफटलं तशी ती उठून चालायला लागली.

ऊन चढल्यावर ती एका खिंडीत पोचली. तिथं दोन वाटा मिळत होत्या आणि दोन्हींकडून चढून आलेले लोक दम खायला बसत. दिवसा झोपायला म्हणून नकाशावर तिनं ही जागा आधीच हेरून ठेवली होती. मोठ्या खडकाच्या सावलीत, वाटेला अगदी लागून, तिनं मॅट पसरली. पाय मातीवरच राहिले. टोपी तोंडावर ओढली आणि पडली.

कुणीतरी सॅक धपकन टाकली. कुणी संत्रं सोललं. वास टोपीखाली आला. एक नवराबायको पुढचा चढ किती उरलाय यावरून वाद घालत होते, आणि दोघांचंही चुकत होतं हे धाकटीला ठाऊक होतं. नवऱ्याचा आवाज चढला.

"हळू बोल," बायको म्हणाली. "ती झोपलीय."

धाकटी झोपलेली नव्हती. त्यानं आवाज खाली आणला आणि वाद तसाच कुजबुजत पुढे चालू राहिला. तो कुठे संपला ते तिला कळलं नाही.

जाग आली तेव्हा खिंडीत कुणी नव्हतं. सावली सरकली होती आणि ऊन गुडघ्यांपर्यंत आलं होतं. खालच्या वळणावर दोन ठिपके उतरताना दिसत होते. ती तीच दोघं की दुसरी कुणी, ते इतक्या लांबून ओळखू येत नव्हतं. डोकं हलकं झालं होतं. तिनं मॅट गुंडाळली, सॅकला बांधली आणि पुढच्या चढाला लागली.