ब्लफच्या कॉम्प्युटरवरचा प्रश्न

मर्डोला माती देऊन माणसं घरी परतली. नोलीन आत्याने चीज रोल भाजायला घेतले, आणि मर्डोची मुलगी शोना सरळ त्याच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

“अगं, आज तरी राहू दे ते डबडं,” आत्या म्हणाली.

“आजच. रुआपुके बेटामागच्या ओहोटीच्या आकड्यांची बाबाची दुरुस्ती यात अडकलीय. ती सर्व्हरवर गेली नाही, तर डबड्याबरोबर भंगारात जाईल.”

बापलेकीने मिळून न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरच्या ब्लफ बंदरातल्या, ऑयस्टर म्हणजे कालवं काढणाऱ्या बोटींसाठी भरती-ओहोटीचा प्रोग्राम लिहिला होता. जन्मभर बोट चालवलेल्या मर्डोला समोरच्या सामुद्रधुनीचं पाणी ठाऊक, शोनाला प्रोग्रामिंग. तो ब्लफहून लिहायचा, ती डनीडिन शहरातून, आणि दोघांचं काम तिच्या सर्व्हरवर जमा व्हायचं, कोणी कधी काय बदललं याच्या नोंदीसकट. पण त्या सर्व्हरचं दार म्हणजे निव्वळ धर्मशाळा! पासवर्ड तारेवरून उघडानागडा जायचा. एकदा कोणी चोर आत शिरला, तेव्हा शोनाने ते दार कायमचं बंद करून नवं, सुरक्षित दार बसवलं. ज्याची त्याची किल्ली वेगळी. लिनक्सवर चाललं, मॅकवर चाललं, ऑफिसातल्या विंडोजवरही चाललं. बापाला किल्लीची फ्लॉपी पाठवून ती निर्धास्त झाली.

मग मर्डोचा फोन आला. “शोना, हे नुसतं बसून राहतंय गं. पुढे नाही, मागे नाही.”

“तुझी फोनलाइनच रडकी आहे, बाबा. थांब जरा.”

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा ती चिडली. “सगळ्यांचं चालतं, तुझंच कसं अडतं? काहीतरी भलतंच दाबत असशील.”

मर्डो म्हणाला, “बरं बाई. घर तुझं, कुलूप तुझं. म्हाताऱ्याला बाहेर ठेवायचं असेल, तर तसं सांग ना तोंडावर.”

“झाली नाटकं सुरू!” म्हणून तिने फोन आपटला. त्यानंतर तो फोनवर फक्त हवापाण्याचं बोलायचा. म्हातारा रुसलाय, येईल आपोआप वळणावर, असं शोनाने धरून चाललं. आणि एका सकाळी धक्क्यावर त्याचं हृदय बंद पडलं.

आता तिने बाबा दाबायचा तेच, काम सर्व्हरवर पाठवायचं बटण दाबलं. खिडकी उघडली आणि तिथेच थिजली. बराच वेळ झाला तरी हलेना.

“बोल ना मेल्या!” ती यंत्रावर खेकसली. मग हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडून तिने तोच हुकूम हाताने दिला. लगेच ओळ उमटली: या सर्व्हरला मी ओळखत नाही. विश्वास ठेवू का?

नव्या मशीनवर हा प्रश्न पहिल्यांदा एकदाच येतो. शोनाने आपल्या आणि ऑफिसातल्या मशीनवर काळ्या खिडकीतूनच त्याला कधीच हो म्हणून टाकलं होतं, म्हणून तिला तो पुन्हा दिसलाच नव्हता. बापाच्या विंडोजवर मात्र बटण दाबल्यावर तो पडद्याआड विचारला जात होता, जिथे कोणाला दिसणारच नाही. प्रोग्राम मर्डोच्या उत्तराची वाट बघत होता, आणि मर्डो प्रोग्रामची.

“आत्या, बाबा हे पुन्हा करून बघायचा का गं?”

“रोज. चहा घेऊन बसायचा पुढ्यात. मी म्हणायचे, सोड रे, पोरीने हाकललंय तुला. तर माझ्यावरच उखडायचा. म्हणायचा, उघडेल ती, तिला वेळ झाला की.”

शोनाने कीबोर्ड पुढे ओढला. तिने हो टाइप केलं. दार लगेच उघडलं. मर्डोची दुरुस्ती आत गेली, त्याच्या नावावर, आजच्या तारखेला.

आत्याने बशी आणून शेजारी ठेवली. “झालं? फार अवघड होतं का गं?”

शोनाने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, पण हुंदका फुटलाच.

“नाही गं,” ती म्हणाली. “नुसतं हो म्हणायचं होतं.”