बॅजरचे सहा नियम

"माझी पोरं एकदा नियम शिकली की देव आला तरी मोडत नाहीत!" डेस्मंड हार्टल गुरुवारी सव्वापाचला म्हणाला. सव्वासहाला त्याने हे वाक्य मागे घेतलं, पण तेव्हा ऐकायला मी एकटीच होते, आणि तीही त्याच्या बुटाखाली.

आमच्या गावच्या स्काउट हॉलमध्ये बीव्हर जमतात, म्हणजे स्काउटांतली सगळ्यात लहान, सहा ते आठ वर्षांची अकरा पिल्लं. मोठ्यांनी प्राण्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत आहे. डेस्मंडने बॅजर घेतलं. मला उरलं घुबड.

त्या दिवशी जिल्हा कमिशनर थ्वेटबाई तपासणीला यायच्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात शिबिरात डेस्मंडने सॉसेज भाजता भाजता तंबू भाजला होता. बाईंनी सही दिली तर तुकडी त्याच्याकडे राहणार, नाहीतर दुसऱ्याकडे जाणार.

"हिल्डा," तो मला हळूच म्हणाला, "बॅजर नसलो तर मी नुसता रिटायर झालेला प्लंबर गं."

विल्फ नावाचा नवा पोरगा त्या दिवशी बीव्हरची शपथ घेणार होता. त्याआधी त्याला एक सत्कृत्य करायचं होतं आणि सकाळपासून त्याला काही सुचत नव्हतं. शपथेनंतर त्याच्या गळ्यात घालायला स्कार्फ हवा होता. स्कार्फची पेटी सामानाच्या खोलीत, तंबूंच्या ढिगाखाली. एकट्या डेस्मंडला ढीग हलेना, म्हणून मीही आत गेले. अर्ध्या मिनिटासाठी.

मागे दार लागलं. मग कडी सरकल्याचा आवाज आला.

"झालं माझं सत्कृत्य!" बाहेरून विल्फ ओरडला. "नियम पहिला, उघडं दार दिसलं की लावायचं!"

"शाब्बास," डेस्मंड म्हणाला. "आता उघड बाळा."

"लावलेली कडी फक्त मोठ्यांनी काढायची. नियम चौथा."

"अरे, मी मोठाच आहे ना! मी सांगतोय!"

बाहेर कुजबुज झाली. मग सात वर्षांची इस्मे बोलली. ही पुढे वकील होणार, माझी खात्री आहे. "दाराआडून कुणी म्हणालं मी बॅजर आहे, तरी उघडायचं नाही. नियम पाचवा. परवलीचा शब्द सांगा."

डेस्मंडने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. शब्द त्यानेच गेल्या गुरुवारी ठरवला होता आणि चिठ्ठी लिहून फक्त आईबापांना पाठवली होती.

"खायचं काहीतरी होतं," तो पुटपुटला. "पुडिंग?"

"चूक!" अकरा आवाज.

"कस्टर्ड? मटार? यॉर्कशायर पुडिंग?"

"पुडिंग झालं सांगून!"

"इस्मे, घुबड बोलतेय," मी म्हटलं. "माझा आवाज ओळखतेस ना?"

"आवाज कुणीही काढतं, घुबड," इस्मे समजुतीने म्हणाली.

तेवढ्यात बाहेरच्या दारावर टकटक झाली. थ्वेटबाई! आणि पाऊस असा की पत्र्यावर कुणी बटाटे ओततंय.

"मुलांनो, मी कमिशनर. दार उघडा."

"परवलीचा शब्द?"

डेस्मंडने डोकं धरलं. मग त्याची नजर वरच्या खिडकीवर गेली. खिडकी ब्रेडच्या डब्याएवढी, डेस्मंड बेकरीएवढा. माझ्या खांद्यावर बूट ठेवून तो चढला, पोटापर्यंत बाहेर गेला, आणि तिथेच राहिला. ना पुढे, ना मागे.

खाली थ्वेटबाई भिजत उभ्या होत्या.

"नमस्कार, मॅडम," मला वरून ऐकू आलं. आमच्यात डाव्या हाताने हस्तांदोलन करतात. त्याचा डावा हात आत होता, माझ्या केसांत.

"मिस्टर हार्टल," बाई म्हणाल्या, "तुम्ही नेहमी इथूनच ये-जा करता?"

पावणेसातला इस्मेची आई पोरीला न्यायला आली. छत्री मिटत ती सहज म्हणाली, "मुरंबा." पोरांनी बाहेरचं दार उघडलं, आतली कडी तिने काढली. डेस्मंडला आम्ही पाय धरून आत ओढलं. त्याचा पट्टा खिडकीतच राहिला.

थ्वेटबाईंनी चष्मा पुसला. डेस्मंड भिंतीला टेकून, पँट धरून, शिक्षा ऐकायला उभा राहिला.

"एकवीस वर्षं मी तपासण्या करतेय," बाई म्हणाल्या. "मला पावसात उभं करणारी मुलं पहिल्यांदा पाहिली. इतका पक्का नियम मी कुठे बघितला नाही. तुकडी तुमच्याकडेच राहील."

डेस्मंडच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी सहीचा कागद टेबलावर ठेवला, पेन काढलं आणि थांबल्या. "सही करण्याआधी ती कडी आतून उघडते का, तेवढं बघते. धोक्याची वाटते." त्या सामानाच्या खोलीत शिरल्या. दाखवायला डेस्मंड गेला. डेस्मंडची पँट धरायला मी गेले. इस्मेची आई गाडीतून टॉवेल आणायला गेली होती, तिच्यामागे बाहेरचं दारही कुणीतरी लावलं होतं.

विल्फ मघापासून रडवेला होता, कारण त्याचं सत्कृत्य धरलं गेलं नव्हतं.

त्याने उघडं दार पाहिलं आणि लावलं. कडी घातली.

"मुरंबा!" आम्ही तिघं एकदम ओरडलो.

"तो वापरला ना," इस्मे म्हणाली. "एकदा वापरला की बदलायचा. नियम सहावा."

नवा शब्द पोरांनी गोल बसून ठरवला. इस्मेच्या आईलाही तो माहीत नव्हता.