सेहेचाळीस पावलं

टँकर नको म्हणून मीच सांगितलं होतं. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे त्या सकाळी मी एवढी का घाबरले होते ते कळेल.

मी पाणीखात्यात व्हॉल्व्हमन आहे. ओळखपत्रावर तसंच छापलंय, आणि शेजारच्या फोटोत माझी लांब वेणी स्पष्ट दिसते, तरी आजवर एकाही साहेबाला त्यात काही खटकलेलं नाही. गावभर फिरून रस्त्याखालचे व्हॉल्व्ह उघडायचे, मिटायचे, कुठल्या भागाला किती वेळ पाणी ते सांभाळायचं, हे माझं काम. माझ्याआधी हे काम बाबा करायचे. आणि मी राहते कुठे? चढावरच्या नव्या वस्तीत, तीनशे बारा घरांत, जिथे चार वर्षांत नळाला थेंब आला नव्हता. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "आमची सून अख्ख्या गावाला पाणी पाजते. घरी मात्र टँकरची शिट्टी वाजली की हंडा घेऊन पळते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

त्या दिवशी हा अंधार संपणार होता. चढावर नवी पाइपलाइन पडली होती, घरोघर नळ बसले होते, पाच दिवसांपूर्वी डांबरी रस्ताही झाला होता. अकरा वाजता पंप सुरू होऊन वर पाणी चढणार, आणि बारा वाजता त्याच रस्त्यावरून वस्तीची पहिली बस वर जाणार. एका दिवसात दोन्ही! आदल्या संध्याकाळी मी गल्लीगल्लीत फिरून सांगत सुटले होते, "उद्या टँकर बोलवू नका, नळाला पाणी येतंय." लोकांनी विश्वास ठेवला. माझ्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

आता फक्त एक व्हॉल्व्ह उघडायचा होता. नवी लाइन चढाच्या पायथ्याशी जुन्या लाइनला जोडली होती, आणि त्या जोडाच्या अलीकडचा जुना व्हॉल्व्ह वीस वर्षांपूर्वी बाबांनी मिटला होता. वर तेव्हा नुसतं माळरान होतं, पाणी पाठवायचं कुणाला? मधल्या काळात रस्ता दोनदा रुंद झाला, आणि व्हॉल्व्हचं झाकण डांबराखाली गडप झालं. कुणाला सांगायची गरज वाटली नाही. रस्तेखातं आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, पण दोन मजल्यांमध्ये फक्त चहावाला ये-जा करतो.

मला त्याची चिंता नव्हती. माझ्याकडे बाबांची वही होती. गावातल्या प्रत्येक व्हॉल्व्हची जागा त्यांनी पावलांत लिहून ठेवली आहे. या व्हॉल्व्हपुढे लिहिलं होतं: 'दगडी पुलाच्या कठड्यापासून चढाकडे सेहेचाळीस पावलं, मग डावीकडे तीन.' अकरा वर्षं मी त्या वहीवर चालते आहे आणि वही एकदाही खोटी पडलेली नाही.

सकाळी आठला आम्ही पुलाशी जमलो. आमचे नवे साहेब जीप घेऊन आले होते. मोठा दिवस म्हणून माझी चावीसुद्धा जीपमधूनच आली. ही चावी म्हणजे खिशातली नव्हे. माझ्या खांद्याएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा, खाली चौकोनी तोंड. एरवी ती माझ्या खांद्यावर असते. त्या दिवशी मी हात हलवत आले, आणि खरं सांगते, मला फार भारी वाटत होतं.

रस्तेखात्याचे मुकादम आधीच येऊन उभे होते. आपल्या नव्या रस्त्याकडे ते लेकीची पाठवणी असल्यासारखे बघत होते.

"बाई, एकच खड्डा," ते म्हणाले. "झाकायला माझ्याकडे लोखंडी पत्रा एकच आहे. दुसरा उघडा खड्डा दिसला तर बसवाले खालूनच गाडी वळवतील. मग वरच्या लोकांना तोंड तुम्ही द्या."

"एकच पुरे," मी म्हणाले.

साहेबांनी टेप काढला. सरासरी पाऊल अडीच फूट, गुणिले सेहेचाळीस, असा हिशेब करून त्यांनी रस्त्यावर खडूने फुली मारली. मी माझी पावलं मोजली. माझी फुली साहेबांच्या फुलीच्या चार मीटर अलीकडे पडली. साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी वहीकडे. लोखंड शोधायचं यंत्र फिरवून बघितलं, तर ते सगळीकडेच कोकलत होतं, कारण खालचा पाइपच लोखंडाचा!

"मग? कुठे घालू?" मुकादमांनी डांबर फोडायचा ब्रेकर उचलला.

"थांबा!" मी इतक्या जोरात ओरडले की साहेब दचकले. दोन फुल्या आणि एकच पत्रा. चुकलं तर बस गेली, आणि एक वाजता पंपाची पाळी संपून पाणी खालच्या भागाकडे वळणार. पुढची पाळी आठ दिवसांनी. आणि वर तीनशे बारा घरं रिकामे हंडे घेऊन बसलेली, माझ्या शब्दावर! मी बाबांना फोन लावला.

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत. गुडघे गेलेत. चार वर्षांत ते माझ्या घरी एकदाही आले नव्हते. रिक्षावाले त्या चिखलाच्या चढाचं नाव काढलं की मान फिरवायचे, आणि पायी चढणं बाबांना शक्य नव्हतं. मीच त्यांच्याकडे जायचे. दर वेळी ते विचारायचे, खिडकी कुठल्या बाजूला आहे, ऊन कुठून येतं, आणि मी सांगायचे. आपल्या लेकीचं घर माणसानं ऐकून माहीत करून घ्यावं, याचा मला फार राग यायचा.

साडेनऊला ते रिक्षातून पुलाशी उतरले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी काठी टेकत कठड्याला पाठ लावली आणि निघाले. एक, दोन, तीन. आम्ही सगळे त्यांच्या मागे. सेहेचाळीसला ते थांबले, आणि तिसरी फुली पडली, माझ्या फुलीच्याही अकरा मीटर अलीकडे.

मुकादमांनी तिन्ही फुल्यांकडे पाहिलं. "अजून कुणी यायचं राहिलंय का? बोलावून घ्या. रांगोळी पूर्ण होऊन जाऊ दे."

साहेब हसले. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. घड्याळात दहा वाजत आले होते, आणि सासूबाईंचा दुसरा फोन येऊन गेला होता. "मी पिंप घासून ठेवलंय हो," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

बाबा तिसऱ्या फुलीवर उभे राहून स्वतःच्या पायांकडे बघत होते. "ही पावलं माझी नाहीत," ते हळूच म्हणाले. "ही म्हाताऱ्याची आहेत." मग त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "तू मोजलीस तेव्हा चावी कुठे होती?"

"जीपमध्ये."

"जीपमध्ये!" बाबा असे ओरडले की पुलावरचे दोघं-तिघं थांबले. "अगं, मी काय हात हलवत हिंडायचो का? खांद्यावर पंधरा किलो लोखंड घेऊन या चढावर चाललोय मी. तेव्हा मोजलीत ती पावलं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. वही अकरा वर्षं खरी ठरत होती, कारण अकरा वर्षं माझ्या खांद्यावर चावी होती. एक दिवस जीपचा थाट केला आणि वही खोटी पडली!

"आणा ती चावी," बाबा म्हणाले आणि त्यांनी हातातली काठी साहेबांकडे दिली.

"बाबा, गुडघे."

"मला नाही गं. तुला." त्यांनी माझा खांदा थोपटला. "उंची माझी घेतलीस, चालही माझीच आहे. तुझी आई म्हणायची, दोघांना मागून ओळखता येत नाही. चल, कठड्यापासून."

चावी डाव्या खांद्यावर घेतली. वजन बसलं तसं अंग आपोआप पुढे झुकलं आणि पाय आखूड पडायला लागले. खांद्यावर वजन आलं की माणूस चढावर नेमका किती मोठा पाय टाकतो हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पायांना ठाऊक होतं. बाबा मागून मोठ्याने मोजत होते. वीस. तीस. त्यांची फुली मागे गेली. चाळीस. सेहेचाळीस! मी थांबले ते बाबांच्या आणि माझ्या फुलीच्या मधोमध. मग डावीकडे तीन.

"इथे," मी म्हणाले.

"नक्की?" मुकादमांनी विचारलं.

"घाला!" बाबा आणि मी एकदमच म्हणालो.

ब्रेकर सुरू झाला. डांबर उडालं, खडी उडाली, आणि मुकादम असे कळवळत होते की जणू ब्रेकर त्यांच्याच पाठीत घुसतोय. हातभर खाली गेल्यावर टण् असा आवाज आला. मुकादमांनी ब्रेकर फेकून दिला आणि हातांनी माती उपसली. गंजलेलं, गोल झाकण! ज्या माणसाला खड्डाच नको होता तोच सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "सापडला! सापडला!"

पुढचं काम घाईचं असूनही घाईने करायचं नव्हतं. खाली चावी बसवली, पण वीस वर्षांचा झोपलेला व्हॉल्व्ह एका हाकेत उठत नाही. तेल सोडलं. पाव आटा उघड, थोडा मिट, परत पाव आटा. आडव्या दांड्याच्या एका टोकाला मी, दुसऱ्याला मुकादम. जोर केला तर दांडा मोडणार, आणि एकदम उघडला तर पाण्याचा दणका बसून नवी लाइन फुटणार. अकरा वाजले, पंप सुरू झाला, आमच्या घामाच्या धारा लागल्या. सव्वाअकराला कुठे पहिला पूर्ण आटा फिरला.

बाबा खड्ड्याच्या काठावर बसले आणि चावीच्या दांड्याला कान लावला. ते असंच पाणी ऐकायचे.

"निघालं," ते म्हणाले. डोळे मिटलेले, तोंडभर हसू. "निघालं गं पाणी! आता दमानं."

अठरा आटे उघडायला अर्धा तास लागला. दहाव्या आट्याला माझा फोन वाजला. "काय गं," सासूबाई, "नळातून नुसतं वारं येतंय. फुसफुसतोय मेला!"

"येऊ दे! नळ उघडा ठेवा, आई!"

"उघडाच आहे. मी काय बंद करतेय आता!" आणि मागून गल्लीतल्या बायकांचा गलका ऐकू आला.

पावणेबाराला मुकादमांनी खड्ड्यावर पत्रा टाकला, चारी बाजूंनी दाबला, वर स्वतः उभे राहून दोन उड्या मारल्या. बाराला पाच कमी असताना बस वळणावर दिसली. नवी कोरी नव्हती, काचेला चीरही होती, पण मला ती राजवाड्याहून देखणी वाटली. ती पत्र्यावरून धडधडत गेली आणि थांब्यावर थांबली. साहेब म्हणाले, "तुम्ही जा. चावी मी सांभाळतो." त्यांनी खरोखरच दांडा हातात धरला होता, दुसऱ्या हातात बाबांची काठी. काठी परत घेतली, बाबांना पुढच्या दाराने चढवलं, खिडकीशी बसवलं. चढ लागला तेव्हा ते नुसते बाहेर बघत राहिले आणि माझा हात धरून ठेवला.

वरच्या थांब्यावर उतरलो तर गल्लीभर पाण्याचा आवाज. कुणी बादल्या भरतंय, कुणी नुसतंच नळाखाली हात धरून उभं, एक म्हातारे गृहस्थ नळाकडे बोट दाखवून फोनवर कुणाला तरी, "ऐक, ऐक," म्हणत होते. मला बघून बायकांनी एवढा आरडाओरडा केला की मी लाजले. बाबा मात्र कुणाकडे बघत नव्हते. ओठ हलत होते, काठी टेकत सावकाश चालत होते.

सासूबाई दारातच होत्या, साडीचा काठ भिजलेला. पाणी आधी लाल आलं, मग गढूळ, मग स्वच्छ, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. बाबांना म्हणाल्या, "या व्याही, या! चार वर्षांनी सवड झाली?" आणि नळाच्या पाण्याचा पेला भरून त्यांच्या हातात दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दिव्याखाली आजपासून उजेड हो." त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे सत्कारच झाला.

बाबा पाणी प्यायले, त्यांनी पेला खाली ठेवला आणि खिडकी बघितली. ऊन मी सांगितलं होतं त्याच बाजूने आत आलं होतं. मग ते म्हणाले, "एकतीस."

"काय एकतीस?"

"थांब्यापासून तुझ्या दारापर्यंत. एवढं चालतं मला." त्यांनी हात पुढे केला. "वही काढ."

मी वही काढली. डोळे भरून आले होते, अक्षर नीट दिसत नव्हतं. बाबा म्हणाले, "आणि काठी घेऊन, असंही लिही. नाहीतर उद्या कुणीतरी टेपनं मोजत बसेल."

मी लिहिलं.