सासूबाईंची रोगराई

सासूबाईंना रोगराईचा नाद होता. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल त्या चकार शब्द काढत नसत, पण देवी, पटकी, प्लेग यांचं नाव काढायची खोटी, की गडी रंगात आलाच. वाचनालयातून दर आठवड्याला दोन पुस्तकं येत आणि दोन्हींची कव्हरं अशी, की पाहुण्याने चहा तसाच ठेवून उठावं. एखादा विषाणू वटवाघळातून माणसात कसा शिरला, अमक्या शास्त्रज्ञाने लस आधी स्वतःच्याच दंडात कशी टोचून घेतली, हे सगळं त्या जेवताना सांगत.

"आई, निदान माझं जेवण होईपर्यंत तरी पेशंटला जिवंत ठेव," मुलगा म्हणे आणि ताट उचलून बाहेरच्या खोलीत जाई.

सून मात्र बसून ऐके. पाचवीनंतर शाळा सुटलेली ही बाई एवढाली जाडजूड पुस्तकं पचवते कशी, याचं तिला मनापासून कौतुक होतं. सून स्वतः फ्रीज दुरुस्त करायची. बारा वर्षं आइस्क्रीमच्या कारखान्यात काढलेली. तिथे गारव्याच्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. कारखाना बंद पडला आणि दोन महिन्यांपूर्वी तिला आरोग्य केंद्राच्या लसभांडारात काम मिळालं, तेही सहा महिन्यांच्या बोलीवर. सासूबाईंनी त्या दिवशी सांगत सांगत इमारतीचे चारही मजले पालथे घातले.

"आमची सून लशी सांभाळते."

"मी फ्रीज सांभाळते, आई."

"एकच की गं ते."

त्या शुक्रवारी संध्याकाळी भांडारातला मोठा फ्रीज कुरकुरला. सुनेने तो तासाभरात ठिकाणावर आणला. तापमानाचा काटा सातावर होता आणि आठाच्या वर जायचं नाही, एवढं तिला माहीत होतं. मधे दोन दिवस सुट्टी, सोमवारी तान्ह्या मुलांचं लसीकरण. उगाच जोखीम नको म्हणून तिने काटा चांगला खाली आणला. जाता जाता खोकीही नीट रचली, एकावर एक, मागच्या गार भिंतीला अगदी चिकटवून. आइस्क्रीमचे डबे ती बारा वर्षं असेच रचत आली होती. भिंतीला जितका डबा टेकलेला, तितका तो सुखरूप. काम मनासारखं झालं म्हणून स्वारी खुशीत घरी आली.

रविवारी दुपारी ती हत्यारांची पेटी आवरत बसली होती. समोर खुर्चीत सासूबाई, नाकाच्या शेंड्यावर चष्मा.

"हे ऐक, तुझ्या कामाचं आहे," त्या म्हणाल्या आणि बोट ओळीवर ठेवून वाचू लागल्या. काही लशी उन्हाने हळूहळू बिघडतात, पण एकदा गोठल्या की तिथेच संपतात. घटसर्पाची लस त्यातलीच. वितळल्यावर बाटली पुन्हा पहिल्यासारखी दिसते. टोचणाऱ्याला ते चटकन कळत नाही, आणि मूल घेऊन आलेली आई निर्धास्त होऊन घरी जाते.

सुनेच्या हातातला पाना हातातच राहिला.

"आई, परत वाचा."

सासूबाईंनी परत वाचलं. या वेळी सावकाश, कारण सुनेचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

"काय केलंयस?"

सुनेने सांगितलं. काटा सांगितला, खोकी सांगितली, भिंत सांगितली. सांगताना तिच्या मनात एक नको तो विचारही येऊन गेला: उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी जायचं, खोकी पुढे ओढायची, काटा वर करायचा. तासा-दोन तासांत सगळं वितळेल. कोण बघणार आहे? नोकरीचे चार महिने तर अजून बाकी होते.

सासूबाईंनी पुस्तक मिटलं. ना रागावल्या, ना धीर दिला.

"फोन कर," त्या म्हणाल्या. "मीपण येते."

भांडाराच्या मॅडम म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. रविवारच्या दुपारी घरच्या चपलांवर आल्या, कुलूप काढलं आणि थेट फ्रीजच्या मागच्या भिंतीला हात लावला. भिंतीवर बर्फाचा पापुद्रा होता. त्यांनी भिंतीलगतच्या खोक्यातली एक बाटली घेतली, दाराजवळच्या खोक्यातली एक घेतली, दोन्ही थोडा वेळ बाहेर राहू दिल्या, मग जोरजोरात हलवल्या आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या. "कुणी हात लावायचा नाही. गोठलेल्या लशीचा गाळ खाली बसतो."

तिघी बसल्या. पंधराएक मिनिटांत भिंतीकडच्या बाटलीत कण दिसू लागले, मग ते खाली बसले आणि वर नितळ पाणी राहिलं. दुसरी बाटली होती तशीच पांढरी. सुनेला तिकडे बघवेना आणि नजरही काढवेना.

मागची सगळी खोकी बाद झाली. एकशे चाळीस मुलांची लस. मॅडमनी अहवालाचा कागद पुढे ओढला.

"चूक कुणाची?"

"माझी," सून म्हणाली. "भिंतीला मीच लावली खोकी."

"लक्षात कुणाच्या आली?"

"आईंच्या."

मॅडमनी प्रथमच सासूबाईंकडे नीट पाहिलं. "नर्स होता का तुम्ही?"

"छे हो. वाचते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कामावर ठेवायचं की नाही, ते वर ठरेल," त्या सुनेला म्हणाल्या. "पण तुम्ही आज गप्प बसला असतात, तर उद्या मी स्वतः ही लस टोचली असती. कामावर घेताना हे तुम्हाला मी शिकवायला हवं होतं. तेही लिहिते."

नवी लस सोमवारी संध्याकाळी आली आणि लसीकरण मंगळवारी झालं. वरून अजून काही कळलं नव्हतं, त्यामुळे सून फ्रीजपाशी उभी होती, खोकी भिंतीपासून चांगली हातभर दूर. सासूबाई हट्टाने आल्या होत्या. बाहेर बाकावर बसल्या, मांडीवर पुस्तक, पण ते उघडलं नव्हतं.

दहा वाजता सुरू झालं आणि कान किटले. एक मूल रडलं की पुढची चार नुसत्या धास्तीनेच टाहो फोडत. आया घामाघूम, बाप कावरेबावरे, शिपाई बाहेर जाऊन उभा राहिला. सून पाण्याचा पेला घेऊन बाकापाशी आली.

"आई, घरी सोडू का तुम्हाला? डोकं उठेल या आवाजाने."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरलेले होते आणि चेहऱ्यावर हसू होतं.

"घटसर्पात घसा बंद होतो," त्या म्हणाल्या. "माझी थोरली शेवटचे दोन दिवस रडत होती, पण आवाज येत नव्हता. नुसतं तोंड उघडायची."

नवऱ्याला एक मोठी बहीण होती आणि ती लहानपणीच गेली, एवढंच सुनेला ठाऊक होतं. ती खाली बाकावर टेकली. तिने सासूबाईंचा हात हातात घेतला.

आत आणखी एका मुलीला सुई लागली आणि तिने सगळी इमारत डोक्यावर घेतली.

"बघ," सासूबाई म्हणाल्या, "काय खणखणीत आवाज आहे."